सासूबाईंना बघायला जाऊ की नको?

पत्र

नमस्कार सिस्टर,

माझं वय २९. सात महिन्यांची मुलगी आहे, अंगावर पिते. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. नातीचा पहिला तान्हा पोळा म्हणून सासूबाई पोळ्याच्या दिवशी माळ्यावरचा लाकडी नंदी काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं, बॉल बदलला. आज सहावा दिवस.

माझे बाबा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले. आम्हाला कोणालाच आत सोडलं नव्हतं. शेवटी हातात आली ती एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात चष्मा, घड्याळ आणि फोन. तेव्हापासून दवाखान्याचा वास आला की माझे हात थरथरतात. सासूबाईंकडे दोनदा गेले, दोन्ही वेळा दारातूनच पाहून परतले. शेजारच्या पलंगावरच्या आजी सारख्या खोकतात. वरच्या मजल्यावर डेंग्यूचे आणि स्क्रब टायफसचे पेशंट आहेत म्हणतात. घरी आले की कपडे डेटॉलमध्ये भिजवते, डोक्यावरून आंघोळ करते, आणि तरीही तासभर मुलीला घेत नाही. ती रडत राहते. माझ्या हातांची सालं निघाली आहेत. नणंदेनं घरच्या ग्रुपवर लिहिलं, "काही लोकांना आपली माणसं घाण वाटतात." सासूबाईंनी ह्यांना विचारलं, "सून काऊन येत नाही रे?" ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मी जाऊ की नको? आणि दोन दिवसांनी त्या घरी येतील, तेव्हा मुलीला त्यांच्या मांडीवर देऊ की नको?

– एक सून, मानेवाडा

ता. क. सासूबाईंना फळं न्यायची तर काय नेऊ?

उत्तर

बाई गं, तुला 'तू'च म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची आहेस.

आधी उत्तर देते, म्हणजे मुलगी मध्येच उठली तरी तेवढं तुझ्या हाती लागेल. उद्या जा. मुलीला नेऊ नकोस. आणि सासूबाई घरी आल्या की मुलगी त्यांच्या मांडीवर दे. कारणं आता सावकाश सांगते.

एप्रिल २०२१ मध्ये मी नोकरीत होते. दवाखाना कोणता ते सोड, त्या महिन्यात सगळ्यांची गत एकच होती. हातमोज्यात फोन धरून मी किती जणांना त्यांच्या माणसांचा चेहरा दाखवला, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. तुझ्या बाबांसारख्यांच्या पिशव्या मीही भरल्या आहेत, चष्मा आधी रुमालात गुंडाळून, काच फुटू नये म्हणून. त्यामुळे तुझे हात थरथरतात ते मला नवल वाटत नाही. पण तेव्हाचा आजार हवेतून पसरणारा आणि नवा होता. लस नुकती कुठे मिळायला लागली होती, आणि बहुतेकांचं शरीर त्याला ओळखत नव्हतं. हाडाच्या ऑपरेशनच्या वॉर्डात सहाव्या दिवशी बसलेल्या म्हातारीजवळ पंधरा मिनिटं थांबणं ही निराळी गोष्ट आहे. वास तोच आहे, म्हणून तुझ्या अंगाला फरक कळत नाही इतकंच.

जंतूंना आत शिरायला दार लागतं. निरोगी माणसाची अख्खी कातडी म्हणजे कडी लावलेलं दार. तुझ्या सासूबाईंची आज दोन-तीन दारं उघडी आहेत: खुब्याची जखम, हातातली सलाईनची सुई, आणि लघवीची नळी अजून असेल तर ती. वय झालेलं, त्यात पडून राहिल्यानं छातीत कफ साठतो. म्हणजे तुम्हा दोघींत धोका कोणाला जास्त? तू दारात उभी राहून त्यांच्यापासून स्वतःला वाचवत होतीस. खरं तर वाचवायचं त्यांना आहे, आणि आपल्यापासून.

हे जगाला उशिरा कळलं. व्हिएन्नातल्या एका प्रसूतिगृहात डॉक्टरांच्या वॉर्डातल्या बायका बाळंतज्वरानं जायच्या, सुइणींच्या वॉर्डात मात्र फार कमी. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरला १८४७ मध्ये उमगलं की डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात. त्यानं क्लोरीनच्या चुन्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बायका जात होत्या, जूनमध्ये दोन. आणि डॉक्टर मंडळी काय म्हणाली असतील? आमचे हात घाण कसे, आम्ही सभ्य माणसं! तुझ्या नणंदेच्या तोंडचा 'घाण' हा शब्द वाचून मला तेच आठवलं. हात धुण्याचा आणि कोणी घाण असण्याचा काही संबंध नाही, हे तेव्हाही लोकांना पटलं नव्हतं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे संसर्ग नियंत्रणाची वेगळी सिस्टर आली. पोरगी हुशार. तिनं एकदा सकाळी एका रिकाम्या पलंगाच्या कठड्याला चमकणारं जेल लावलं. साध्या उजेडात दिसत नाही, निळ्या टॉर्चखाली चमकतं. दुपारी त्या पलंगावर पेशंट आला, त्याचे नातेवाईक आले. संध्याकाळी दिवे घालवून तिनं टॉर्च मारला. जेल कठड्यावर होतंच, शिवाय पडद्याच्या कडेवर, डब्याच्या झाकणावर, चार मोबाईलवर, एका काकांच्या नाकावर, आणि माझ्या चष्म्याच्या दांडीवर. मी त्या कठड्याला हात लावल्याचं मला आठवतही नव्हतं. त्या दिवसानंतर मी वॉर्डात चष्मा वर सरकवणं बंद केलं, ती सवय अजून आहे.

तेव्हा वॉर्डात शिरताना हात स्वच्छ कर, निघताना पुन्हा कर. मधे त्यांच्या नळीला, पट्टीला, बेडपॅनला हात लागला तर आणखी एकदा. पलंगाजवळ किंवा दाराशी सॅनिटायझर टांगलेलं असतं, त्यानं वीस ते तीस सेकंद, अंगठे आणि बोटांच्या फटी धरून. ओला हात साडीला पुसायचा नाही, वाळू द्यायचा. साबण-पाण्याचे चाळीस ते साठ सेकंद लागतात. एकच गोष्ट पक्की लक्षात ठेव: कोणाला जुलाब होत असतील तिथे सॅनिटायझरवर भागत नाही. जुलाबाचे काही जंतू त्याला दाद देत नाहीत, तिथे साबण आणि वाहतं पाणीच.

मोबाईल पर्समध्ये ठेव. हात धुवायचे आणि लगेच त्याच फोनवर बोट फिरवायचं, यात धुणं वाया जातं. बाहेर आल्यावर पुसायचा तर पूस.

हातमोजे घालून येऊ नकोस. घातलेला माणूस हात धुणं विसरतो आणि त्याच मोज्यांनी डबा उघडतो, केस सावरतो. आणि आयसीयूच्या दाराशी तो चपलांचा ढीग असतो ना, त्याचंही फार मनाला लावून घेऊ नकोस. नियम असेल तर काढ, वाद घालू नकोस. आपण जमिनीला हात लावून जेवत नाही, जंतूंचा मुख्य रस्ता तो नाही. (माझी एक नवी कोरी चप्पल त्या ढिगात गेली. जंतूंपेक्षा तो धोका मोठा.)

शेजारच्या आजींचा खोकला. म्हाताऱ्या माणसाचा खोकला दम्याचा असतो, हृदयाचा असतो, साध्या कफाचा असतो. त्यांना काय झालंय हे सिस्टर तुला सांगणार नाही, सांगूही नये, तो त्यांचा खाजगी मामला. पण तू असं विचारू शकतेस: "सिस्टर, इथे येताना आम्ही काही वेगळी काळजी घ्यायला हवी का?" याचं उत्तर द्यायला कोणीही बांधील आहे. टीबीचा किंवा तशा हवेतून पसरणाऱ्या आजाराचा संशय असेल तर पेशंटला वेगळं ठेवायचं असतं, आणि ते झालं नसेल तर पलंग बदलून मागण्यात लाजायचं काही कारण नाही. तोवर मास्क लाव. तिघींच्या खोलीत तसाही लावावा. तो तुझ्यासाठी जितका, तितकाच त्या आजींसाठी. खिडकी उघडता येत असेल तर उघडी ठेव, पंखा-एसीच्या बंद खोलीपेक्षा वाहती हवा बरी. सासूबाईंच्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, आजींकडे पाठ करून बस.

वरच्या मजल्याची भीती तर सोडूनच दे. डेंग्यू माणसाकडून माणसाला लागत नाही, मधे डास लागतो, तो पट्टेरी, दिवसा चावणारा. स्क्रब टायफस गवत-झुडपातल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावून होतो. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्याकडे त्याचे पुष्कळ पेशंट सापडले, तेव्हापासून नाव ऐकलं की लोक दचकतात, पण पेशंटच्या खोलीवरून गेल्यानं तो होत नाही. डेंग्यूची काळजी करायची तर तुमच्या गच्चीवरच्या कूलरमध्ये पाणी साचलंय का ते बघ. मे महिन्यानंतर कोणी रिकामा केलेला नसतो, मला माहीत आहे आपलं नागपूर.

आता तुझं घरचं प्रकरण. मारबतीच्या, म्हणजे गावाची रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत आपण ओरडतो, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि वर्षाचं काम एका दिवसात उरकतो. तू मात्र दवाखान्याच्या दर फेरीला मारबत काढते आहेस. डेटॉलची बादली, डोक्यावरून आंघोळ, तासभर लेकरू लांब. यातलं खरं कामाचं काय? दारातून आल्या आल्या साबणानं हात धुणं. पलंगावर टेकली असशील किंवा काही सांडलं असेल तर कपडे बदलून नेहमीच्या साबणात धुवायला टाक. मन लागत नसेल तर वरचा कुर्ता रोजच बदल, त्यानं काही बिघडत नाही. बाकी सगळं बंद. मुलीला लगेच घे, पाज. तुला उद्या सर्दी झाली तरी पाजणं थांबवायचं नाही, मास्क लावायचा, हात धुवायचे आणि पाजायचं. तुझं शरीर जे प्रतिकाराचं सामान बनवतं, ते दुधातून तिला मिळतं.

आणि हातांची सालं. मघाशी मी दारांबद्दल बोलले. तुझी दारं बंद होती, ती तू डेटॉलनं स्वतःच्या हातानं उघडलीस. फुटलेल्या कातडीत जंतू जास्त टिकतात आणि धुऊन नीट निघतही नाहीत. डेटॉलच्या पाण्यात हात घालणं आजपासून बंद. वारंवार साबण लावण्यापेक्षा ग्लिसरीन घातलेलं सॅनिटायझर हाताला सोसतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या नुस्ख्यातही ग्लिसरीन आहेच. सालं निघाली तिथे दोन-तीन दिवस चुरचुरेल. रात्री हाताला खोबरेल तेल चोळून झोप.

मुलीला नेऊ नकोस म्हटलं, त्याचं कारण सासूबाई नाहीत. गोवराची पहिली लस नऊ महिन्यांनंतर मिळते, ती अजून सातची आहे. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, ओपीडीच्या रांगेत कोणाच्या अंगावर काय आहे ते सांगता येत नाही, आणि रांगणाऱ्या लेकराचा हात शेवटी तोंडातच जातो. आजीला नात दाखवायची तर फोनवर दाखव. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर देता येते, तेवढं तिच्या डॉक्टरांना विचार.

आणि तू स्वतः कधी जायचं नाही? ताप, खोकला, सर्दी, उलट्या-जुलाब, डोळे आलेले, हातावर पू धरलेला फोड, यातलं काही असेल त्या दिवशी. ते बरं होऊन दोन दिवस जाऊ दे. हाच नियम वर्ध्याहून, यवतमाळहून जीप भरून येणाऱ्या पाहुण्यांनाही लावायचा. आपल्याकडे 'बघायला' नाही गेलं तर नातं तुटतं, आणि गेलं तर आठ जण एका पलंगाभोवती, चौघं पलंगावर बसलेले, एक जण पेढे भरवतोय, एक जण अंगारा लावतोय. अंगारा कपाळाला लागू दे, श्रद्धेच्या आड मी येत नाही, पट्टीच्या आसपास नको. पेढ्यांचं मात्र सांगते: सासूबाईंना साखर असेल तर ती वर जाते, आणि साखर वर असली की जखम पिकायला वेळ लागत नाही.

दारातून पाहून परत येणं तुझ्यासाठी जास्त कठीण होतं, असं मला वाटतं. उभं राहून नुसतं बघायचं म्हटलं की भीती वाढते. म्हणून उद्या काम घेऊन जा. त्यांच्या लघवीची नळी अजून आहे का बघ. असेल तर राऊंडला आलेल्या डॉक्टरांना विचार, "ही आणखी किती दिवस लागेल?" रोज विचार. विनाकारण राहिलेली नळी हे दवाखान्यातल्या संसर्गाचं नेहमीचं कारण आहे, आणि घरच्यांनी विचारलं की ती लवकर निघते, हे मी पाहिलंय. पिशवी कमरेच्या खाली टांगलेली असावी, जमिनीला टेकलेली नसावी. पेशंटला कुशीवर वळवताना नातेवाईक मदत म्हणून ती उचलून पलंगावर ठेवतात, मग पिशवीतली लघवी उलटी आत जाते. हे कोणी करत असेल तर थांबव.

त्यांना सकाळ-संध्याकाळ दात घासायला लाव, कवळी असेल तर धुऊन दे. तोंडातली घाण छातीत उतरते, आणि पडून राहिलेल्या माणसाचा न्यूमोनिया पुष्कळदा तिथूनच सुरू होतो. तीन गोळ्यांचं ते फुंकायचं यंत्र उशाला पडलेलं असेल. फुंकायचं म्हणतात सगळे, खरं तर ओढायचं असतं. तू समोर बसून करून घे. दिवसात जितके वेळा फिजिओथेरपिस्ट सांगेल तितके वेळा उठवून बसवायला मदत कर. आणि हो, सलाईनच्या सुईभोवती लाली, सूज, दुखणं दिसलं तर सिस्टरला लगेच दाखव. माझ्या वॉर्डात असं कोणी दाखवलं की मी मनातल्या मनात त्याचे आभार मानायचे, तोंडानं रागावले तरी.

डॉक्टर असो, सिस्टर असो, हात न धुता पट्टीला हात घालताना दिसलं तर म्हणावं, "जरा सॅनिटायझर देऊ का?" तो शब्द बोचत नाही, आणि काम होतं. मला एकदा एका बाईनं असं विचारलं होतं. मी खाली मान घालून धुतले.

नणंदेला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस. फोन कर. बाबांची पिशवी तिला सांगितली आहेस का कधी? मला शंका आहे. बोलून टाक, "मला दवाखान्याची भीती वाटते ती बाबांमुळे, आईंमुळे नाही. उद्या संध्याकाळी पाच ते साडेपाच मी बसते, तुम्ही तेवढं घरी मुलीजवळ थांबाल का?" ज्यानं टोमणा मारला त्याला काम द्यावं, हा वॉर्डातला जुना उपाय. आणि सासूबाईंना खरं कारण सांग. त्यांनाही दवाखान्याची भीती वाटतेच आहे, फक्त त्या पलंगावर आहेत.

एक गोष्ट जरा दबक्या आवाजात. हात सालं निघेपर्यंत धुणं आणि स्वतःच्या लेकराला घ्यायला तास तास न धजावणं, हे बाळंतपणानंतर काहीजणींना होतं. त्याला औषध आहे, बोलण्याचे उपचार आहेत, आणि पाजत असतानाही चालतील असे असतात. सासूबाई घरी येऊन पंधरा दिवस झाले आणि तरी हे थांबलं नाही, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखव. मेडिकलमध्ये, मेयोत, आपल्या दोन्ही सरकारी दवाखान्यांत त्यांची ओपीडी आहे, आणि कुठे जायचं नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या नंबरवर फोन कर. पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

मांडीचं राहिलं. दवाखान्यातून आलेल्या माणसाच्या कातडीवर, आतड्यात तिथले हट्टी जंतू काही काळ राहू शकतात, खरं आहे. निरोगी लेकराचं त्यानं सहसा काही बिघडत नाही. सासूबाईंनी आधी हात धुवायचे, मुलगी घेतल्यावर तिचेही धुवायचे. जखम झाकलेली हवी, आणि मुलीला ऑपरेशनच्या बाजूला बसवायचं नाही, ती लाथ मारेल म्हणून, जंतूंसाठी नव्हे. जखमेतून पाणी-पू येत असेल किंवा त्यांना जुलाब होत असतील, तेवढे दिवस मात्र थांबा आणि डॉक्टरांना कळवा. जी माणसं केमोवर आहेत, स्टिरॉइडच्या मोठ्या डोसवर आहेत किंवा गरोदर आहेत, त्यांनी माझं हे पत्र स्वतःला लावू नये, आपल्या डॉक्टरांना वेगळं विचारावं.

ताजा कलममध्ये तू विचारलंस, फळं काय नेऊ. संत्र्यांना अजून अवकाश आहे, मोसंबी ने. घरून सोलून डब्यात भरू नकोस, गाडीवरची कापलेली फळं तर मुळीच नकोत. अख्खी ने, तिथे हात धुऊन त्यांच्यासमोर सोल, आणि साखर किती आहे ते विचारून अर्धीच दे. उरलेली अर्धी तू खा, तिथेच बसून.